आग्वादच्या तटाआड

सिकेरीच्या समुद्रात पुढे घुसलेला आग्वादचा खालचा बुरूज पाहिला की नवख्या माणसाला वाटतं, हॉटेलवाल्यांनी काय झकास सजावट केली आहे! अलीकडे हिरवळ आणि माड, समोर काळपट तांबडा तट, त्याच्या पायाशी आपटणाऱ्या लाटा, उजव्या हाताला थेट कांदोळी-कळंगुटपर्यंत गेलेली वाळू. सगळं जिथल्या तिथे. पण क्रम उलटा आहे. तट 1612 सालचा आणि हॉटेल 1974 सालचं. मधल्या साडेतीनशे वर्षांत इथे लोक आले ते पाणी भरायला, पहारा द्यायला, तोफा रोखायला आणि अखेरीस कैद भोगायला. मौज करायला येण्याची रीत अगदी अलीकडची, माझ्याहूनही वयाने लहान.

मी गिरगावातल्या एका शाळेत इतिहास शिकवला. माझ्या सत्तरीचं निमित्त काढून लेकीने आग्वादच्या ताजमध्ये आम्हा सगळ्यांचं बुकिंग केलं आणि वर बजावलं, "आई, या वेळी देवळं नाहीत, किल्ले नाहीत. नुसतं पडून राहायचं." आता किल्ल्यातल्या हॉटेलात खोल्या घ्यायच्या आणि किल्ला बघायचा नाही, हे कसं जमायचं? मी काही बोलले नाही. जावई समजूतदार आहेत, ते गालात हसले. नातू नऊ वर्षांचा. त्याला तोफा हव्या होत्या, त्यामुळे आमच्या दोघांचा पक्ष आधीच ठरलेला.

आग्वाद मी पहिल्यांदा पाहिला तो समुद्रातून. 1977 साली, लग्नानंतर. तेव्हा मुंबईहून गोव्याला जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' अशा दोन बोटी होत्या. सकाळी निघालेली बोट रात्रभर किनाऱ्याच्या कडेकडेने जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागायची. डेकचं तिकीट काढणाऱ्यांची खरी परीक्षा चढतानाच. आधी घुसून सतरंजी अंथरायची आणि चार माणसांची जागा अडवायची. आमच्या ह्यांना ते कधीच जमलं नसतं, म्हणून सासूबाईंनी धाकट्या दिरांना सोबत पाठवलं होतं, फक्त सतरंजी टाकून परत यायला. पहाटे कुणीतरी "आग्वाद आला, आग्वाद!" असं ओरडलं आणि सगळा डेक उठून बसला. वळकट्या बांधणं, पोरांची तोंडं धुणं, हरवलेली चप्पल शोधणं. आग्वादचं टोक दिसलं म्हणजे बोट आता मांडवीच्या मुखात शिरणार, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या हाताला डोंगरावर पांढरं दीपगृह, खाली तट आणि तटाच्या आत उतारावर काही नव्या इमारती. शेजारच्या वेंगुर्लेकर बाईंनी माहिती दिली, "तां टाटाचा हॉटेल. थय गोरे लोक ऱ्हवतत." आम्ही बघितलं आणि वळकटी बांधायला लागलो. आम्ही उतरणार होतो मंगेशीच्या अग्रशाळेत.

ही अग्रशाळा हे आमच्यासारख्यांच्या गोव्याच्या सहलीचं मूळ ठिकाण. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेशी अशा देवस्थानांच्या आवारात कुळावी लोकांसाठी बांधलेल्या या लांबलचक ओसऱ्यांच्या इमारती. खोली, घागर, विहीर, देवळातला महाप्रसाद. तिथून दिवसभराची एक फेरी कळंगुटला व्हायची. पायाचे घोटे भिजतील एवढंच समुद्रात जायचं, शहाळं प्यायचं आणि दिवेलागणीला देवळात परत यायचं. समुद्राशेजारी रात्री राहायचं कशाला, हा प्रश्न आम्हाला पडायचासुद्धा नाही.

गोव्यातल्या जुन्या लोकांना मात्र समुद्रावर जाऊन राहायची सवय होती, पण कारण वेगळं. मे महिन्यात आतल्या गावांतली सुखवस्तू ख्रिस्ती घरं कोलवा-कळंगुटला मुक्काम हलवत. हवापालट करायचा आणि खारं पाणी अंगावर घ्यायचं. याला 'मुदांस' म्हणत. हाडं दुखणारे म्हातारे आणि अंगावर पुरळ उठलेली पोरं यांना खाऱ्या पाण्याचा गुण येतो, ही श्रद्धा. बैलगाडीत भांडीकुंडी, तांदूळ, गाद्या भरायच्या आणि किनाऱ्यावरचं एखादं साधं घर भाड्याने घ्यायचं. महिना संपला, आभाळ भरून यायला लागलं, की गाडी पुन्हा गावाकडे. म्हणजे कुटुंबासह समुद्रकिनारी सुट्टी घालवणं गोव्याला काही विलायतेने शिकवलेलं नाही. त्यात चैन नव्हती, औषध होतं. बरं, ही मंडळीही आग्वादच्या बाजूला फारशी फिरकत नसावीत. किल्ल्याखाली जाऊन कोण राहणार?

किल्ला इथेच का, याचं उत्तर वर चढून गेलं की पाच मिनिटांत कळतं. पहिल्याच दिवशी दुपारी, लेक झोपलेली पाहून, मी नातवाला घेऊन टॅक्सीने वर गेले. वरच्या किल्ल्यावरून मांडवीचं मुख हातावर ठेवल्यासारखं दिसतं. समोर काबचं टोक, मध्ये मिरामारची वाळू, मागे नेरूलची नदी. जुन्या गोव्याकडे जाणारं प्रत्येक गलबत या दाराने जायचं. 1604 साली डच आरमार या दारात येऊन उभं राहिलं, तेव्हा पोर्तुगिजांना घाम फुटला. राजधानी आत नदीत आणि मुखावर भरवशाचा किल्ला नाही! 1609 मध्ये काम सुरू झालं आणि 1612 मध्ये रुय लोरेन्सो द तावोरा या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत संपलं. डोंगरावरचा कोट, समुद्राकाठचा कोट आणि डोंगराला वळसा घालणारा तट असा हा सगळा पसारा आहे. तोफा एकोणऐंशी. नातवाने त्या कुठे गेल्या म्हणून विचारलं. "गेल्या," असं मी म्हटलं. वर आता तोफ नाही, खंदक आहे आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी.

पण आग्वादची खरी दौलत तोफा नव्हेत, पाणी. डोंगराच्या पोटातून गोड्या पाण्याचे झरे वाहतात. लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिन्यांनी गोव्याला लागत. परतीला निघताना पुन्हा तेवढाच पल्ला. पिपे भरून घ्यायला मुखाजवळ, तेही तटाच्या आत, गोडं पाणी मिळणं ही केवढी सोय! वरच्या कोटाच्या मधोमध, आपण ज्या फरशीवर उभे राहतो तिच्याच खाली, खडकात खोदलेलं टाकं आहे. सोळा खांबांवर तोललेलं, सुमारे 24 लाख गॅलन पाणी मावेल एवढं. वरून नुसती झरोक्यांची भोकं दिसतात. नातवाने एका भोकात तोंड घालून "आजी" अशी हाक मारली, खालून तिला भला मोठा प्रतिसाद आला आणि तो दचकून मागे सरला.

मराठ्यांनी आग्वाद घेतला नाही, हे शाळेत शिकवताना मला नेहमी थोडं जड जायचं. पोरांना विजय हवा असतो. 1739 च्या सुरुवातीला बाजीरावांचे मेहुणे इचलकरंजीकर व्यंकटराव घोरपडे साष्टीत घुसले, मडगावापर्यंत पोचले. मार्चमध्ये सावंतवाडीकर भोसले बार्देशात उतरले. तिकडे उत्तरेत चिमाजी अप्पांचा वसईला वेढा चाललेलाच होता, मे महिन्यात वसई पडली. बार्देश जवळजवळ सगळा भोसल्यांच्या हातात आला, फक्त रेइश मागुश आणि आग्वाद हे दोन किल्ले सोडून. हॉटेलच्या हिरवळीवरून मागे डोंगराकडे पाहिलं की कारण दिसतं. तीन बाजूंना पाणी, जमिनीची बाजू चिंचोळी, आत न आटणारं पाणी, आणि समुद्रातून रसद येतच राहणार. अशा किल्ल्याला वेढा घालून बसणाऱ्याचीच उपासमार व्हायची. 1741 मध्ये नवा व्हाइसरॉय पोर्तुगालहून ताजी फौज घेऊन आला आणि बार्देश परत गेला. आग्वादमध्ये परका सैनिक आला तो पुढे 1799 मध्ये, इंग्रजांचा, आणि तोही मित्र म्हणून. नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी काब आणि आग्वादला पलटणी ठेवल्या आणि 1813 पर्यंत हलवल्या नाहीत. असले मित्र फार दिवस राहिले की घरच्यांना काय वाटतं, ते सांगायला नको.

दीपगृहाची एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून इथे घुसडते. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मठाची एक अजस्र घंटा होती. पोर्तुगालमध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ ओस पडला, आणि 1841 मध्ये ती घंटा आग्वादच्या दीपगृहात आणून टांगली. तीस वर्षं ती इथे वाजली. 1871 मध्ये ती पणजीच्या टेकडीवरल्या त्या पांढऱ्या, जिन्याजिन्यांच्या चर्चमध्ये नेली आणि अजून तिथेच आहे. पणजीला गेलेला प्रत्येक जण त्या जिन्यावर फोटो काढतो. डोक्यावरची घंटा अर्धा जन्म किल्ल्यात काढून आली आहे, हे कुणी सांगत नाही.

हॉटेलात परतल्यावर मी खालच्या बुरुजावर गेले. हा तट जवळून बघण्यासारखा आहे. जांभ्याचा चिरा नवा काढला की मऊ असतो, टाचणीसुद्धा रुतते म्हणतात. वारा लागला की टणक होत जातो. चारशे वर्षं खारा वारा खाल्लेल्या या चिऱ्याला लोखंडाचा रंग चढला आहे आणि अंगभर भोकं पडली आहेत. बोट फिरवलं तर तांबडी भुकटी लागते. दोन चिऱ्यांच्या सांध्यात चुना अजून धरून आहे, त्यात शिंपल्यांचे कपचे दिसतात. कोपऱ्यावर पहारेकऱ्याची गोल छोटी खोली. एक माणूस उभा राहील एवढीच, वर घुमट, तीन बाजूंना बोटभर फटी. नातू आत घुसला आणि फटीतून पाहत म्हणाला, "आजी, पॅरासेलिंगवाले दिसतायत." चारशे वर्षांपूर्वी याच फटीतून डच शिडं शोधत कुणीतरी उभा असायचा. पाय दुखले तर बसायचीही सोय नाही.

आता तुरुंगाकडे येते, कारण त्याशिवाय इथलं हॉटेलही नीट समजत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मांडवीच्या बाजूचा समुद्राकाठचा कोट राजकीय कैद्यांचा तुरुंग झाला. 1946 च्या सप्टेंबरात राममनोहर लोहिया गोव्यात आले, तेव्हा त्यांना पकडून इथेच डांबलं. टी. बी. कुन्हा यांनाही आग्वाद भोगावा लागला, पुढे त्यांना पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. मग गोव्याच्या मुक्तीसाठी झालेला 1955 चा सत्याग्रह. 18 मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्द ओलांडून गोव्यात शिरली. जुलैमध्ये मधू लिमये गेले. बेदम मारहाण, लष्करी न्यायालय, दहा-दहा वर्षांच्या शिक्षा. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये ही सगळी पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत रोज नाव निघणारी माणसं. त्यांनी आग्वादच्या कोठड्यांत दिवस काढले आणि ती 1957 मध्ये सुटली. मोहन रानडे सुटले नाहीत. मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठीचे मास्तर म्हणून गेलेले आणि मग आझाद गोमंतक दलात सामील झालेले. 1955 मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. आग्वादनंतर त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातच. ते सुटले 1969 मध्ये. मराठीचा मास्तर एवढी किंमत मोजतो, हे आमच्या शिक्षकखोलीत मी अनेकदा ऐकवलं आहे.

याचा पंचतारांकित हॉटेलशी संबंध काय? सरळ संबंध आहे. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून जास्त माणसं मेली. भारताने गोव्याशी संबंध तोडले, रेल्वे बंद, नाकेबंदी कडक. याच काळात कोंडी फोडायला पोर्तुगिजांनी दाबोळीला घाईघाईने विमानतळ बांधला आणि स्वतःची विमान कंपनी काढून कराची, लिस्बनकडे विमानं धाडायला सुरुवात केली. मुक्तीनंतर तो विमानतळ आपल्या नौदलाकडे आला आणि नागरी विमानंही उतरू लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मांडवीवर पूल झाला, बेतीची फेरीबोट चुकवून मोटारीने बार्देशात जाता येऊ लागलं. विमानतळ आणि पूल, या दोन गोष्टी नसत्या तर सिकेरीसारख्या कोपऱ्यात टाटांनी हॉटेल काढलं नसतं. ज्यांना आग्वादच्या कोठडीत बसवलं, त्यांच्याच लढ्यामुळे तो विमानतळ झाला आणि त्याच विमानतळावर उतरून पाहुणे आग्वादच्या हिरवळीवर आले. इतिहासाची मास्तरीण असून मला हे दोन धडे एकमेकांना जोडायला निवृत्त व्हावं लागलं!

गोव्यात तोवर मोठं हॉटेल म्हणावं असं पणजीचं मांडवी. तेही सेंट झेवियरच्या शवदर्शनाला 1952 मध्ये येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी उभारलेलं, नदीकाठी. समुद्रावर मुक्काम करत होते ते हिप्पी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कळंगुट, बागा, मग हणजुणेला मच्छीमारांच्या घरात खोली घेऊन, नाहीतर माडाखाली. देशभर चित्र असंच होतं. गोऱ्या साहेबाने आपल्याला थंड हवेची ठिकाणं लावून दिली, महाबळेश्वर, माथेरान. समुद्राची सवय लावली नाही. केरळात कोवळमला चार्ल्स कोरियांनी डोंगरउतारात दडवलेलं सरकारी हॉटेल आणि गोव्यात आग्वाद, साधारण एकाच सुमाराला झाली. ताजचे कर्तेधर्ते तेव्हा अजित केरकर. मुंबईच्या एका जुन्या हॉटेलाचा व्याप त्यांनी राजस्थानातले राजवाडे आणि गोव्याचा किनारा इथवर नेला. राजवाडा हॉटेल होतो, मग किल्ला का नाही, असा हिशेब असणार. तो फळला, हे आज दिसतंच आहे.

फळला कसा, तर 1983 च्या नोव्हेंबरात. राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची परिषद दिल्लीत भरली. अशा परिषदेत मधले दोन दिवस सगळ्या पंतप्रधानांना फायली आणि सचिव मागे ठेवून कुठेतरी निवांत जागी न्यायची पद्धत होती. इंदिरा गांधींनी त्यांना आग्वादला आणलं. मार्गारेट थॅचर, कॅनडाचे त्रुदो, सिंगापूरचे ली क्वान यू, ऑस्ट्रेलियाचे बॉब हॉक. त्यांच्यासाठी डोंगरावर स्वतंत्र बंगले बांधले, ते पुढे पाहुण्यांना भाड्याने मिळू लागले. रस्ते झाले, दिवे आले. राष्ट्रकुलातल्याच ग्रेनाडावर अमेरिकेने नुकताच हल्ला केला होता, त्यावरून निवांतपणा किती राहिला असेल कोण जाणे. पण जागतिक सुरक्षेवरचा त्यांचा जाहीरनामा 'गोवा' हे नाव घेऊन निघाला आणि वर्तमानपत्रांतून सिकेरीची वाळू जगभर पोचली. माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी. त्या वेळी त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आग्वादचा तुरुंग भरलेला होता! गोवा मुक्त झाला तरी तुरुंग बंद झाला नाही. राजकीय कैदी गेले, चोर-दरोडेखोर, नशेबाज आले. गोव्याचं ते मध्यवर्ती कारागृहच होतं. 2015 मध्ये कैदी कोलवाळला हलवले, तोवर. म्हणजे चाळीस वर्षं एका डोंगराच्या एका अंगाला खोलीचं भाडं मोजून माणसं समुद्र बघत होती आणि दुसऱ्या अंगाला शिक्षा म्हणून. जावयांना हे जेवताना सांगितलं, तर ते म्हणाले, "आई, व्ह्यू मात्र दोघांनाही सी-फेसिंग." लेकीने मला डोळ्यांनी दटावलं, दोघांनाही दटावायला हवं होतं.

पुढची कहाणी मी लवकर आटोपते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात युरोपातून थेट दाबोळीला भाड्याची विमानं येऊ लागली. 1987 मध्ये गोव्यातल्या जागरूक मंडळींनी पाहुण्यांच्या बसवर शेण फेकून स्वागत केलं. पाणी, जमीन, वाळू कुणाची, हा त्यांचा सवाल होता आणि तो अजून मिटलेला नाही. समुद्रापासून 500 मीटरच्या आत बांधकाम नको, असं पत्र इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या मुख्यमंत्र्यांना 1981 मध्येच लिहिलं होतं, 1991 मध्ये त्या पट्ट्यातल्या बांधकामांवर नियमांची बंधनं आली. आग्वादचं हॉटेल त्याआधीचं. आज कुणी लाटांच्या इतक्या जवळ बांधायला निघालं तर त्याला परवानगी मिळायची नाही. या हॉटेलातल्या खोलीतून लाटा इतक्या स्पष्ट ऐकू येतात, त्याचं श्रेय निम्मं तरी या तारखेला.

आणि रिव्हर प्रिन्सेस. 2000 सालच्या जूनमध्ये खनिज वाहणारं हे अवाढव्य जहाज वादळात भरकटत येऊन कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलं. बारा वर्षं निघालं नाही. प्रवाह अडला, कुठे वाळू साचली, कुठे किनारा खचला. तटावरून जहाजं हेरायला ज्यांनी किल्ला बांधला, त्यांच्या नाकासमोर एक जहाज बारा वर्षं गंजत बसलं. 2012 मध्ये ते तुकड्या-तुकड्यांनी कापून नेलं.

हॉटेलबद्दल माझं मत? मला ते आवडलं, यात लपवण्यासारखं काही नाही. पोह्यांपासून पोयीपर्यंत सगळं मिळतं, सोलकढी पातळ होती पण होती. चादरी कडक इस्त्रीच्या. वाढपी पोरगा कुडाळचा निघाला, त्याच्याशी मी मालवणीत चार शब्द बोलले आणि त्यानंतर माझ्या ताटात बांगडा नेहमी मधला, जाड तुकड्याचाच आला. त्याचे वडील याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका हॉटेलात बागकाम करत. सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला येणाऱ्या माणसांचा ओघ जुना, पूर्वी खाणीवर, आता हॉटेलात. तट हॉटेलने राखला आहे, हेही म्हणायला हवं. गवत काढलेलं, चिरे सुटलेले नाहीत. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर वडाची मुळं दगड उचकटतात आणि कुणी बघत नाही, तेव्हा हे कमी नाही. फक्त एवढंच की इथला माणूस तटाच्या बाहेरून बघतो आणि आतला आतून. आत यायला एक पास लागतो, तो आमच्या मनगटावर होता.

शेवटच्या सकाळी लेकीने आपण होऊनच विचारलं, "तुला तुरुंग बघायचाय ना? चल." आम्ही सगळेच गेलो. 19 डिसेंबर 2021 पासून तिथे गोवा मुक्तिलढ्याचं संग्रहालय आहे. भिंती रंगवलेल्या, आवार स्वच्छ, फलक भरपूर. कोठड्या अंधाऱ्या आणि आखूड, वर उंचावर जाळीची खिडकी. समुद्राचा आवाज येतो, समुद्र दिसत नाही. जावयांनी टाचा उंचावून पाहिलं आणि मग त्या सी-फेसिंगच्या विनोदाबद्दल काहीच बोलले नाहीत. नातवाने लोहिया कोण होते ते विचारलं, रानडे कोण तेही. गोऱ्यांच्या फोटोखालचं नाव वाचून मी म्हटलं, "हे पुण्याचे महापौर होते पुढे, आणि इंग्लंडमध्ये आपले उच्चायुक्त." त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आधी जेल आणि मग लंडन?" हो, बरोबर तसंच.

दुपारी बाराला खोल्या सोडायच्या होत्या. लेक काउंटरवर बिल तपासत होती. मिनीबारमधून कुणीही न खाल्लेल्या काजूंची एक पुडी बिलात आली होती, त्यावरून तिची आणि काउंटरवरच्या मुलीची बोलणी चालली होती. जावई सामान मोजत होते. मी नातवाला समोरचं टोक दाखवून सांगत होते, की आजोबा आणि मी तिथून, पाण्याच्या बाजूने आलो होतो, सतरंजीवर बसून. त्याने विचारलं, बोटीचं तिकीट किती होतं. ते काही मला आठवेना.